रजेसाठी बोललेला नवस

शुक्रवार, दिवेलागणीनंतर

यांची वर्षभराची अभ्यासरजा आज कॉलेजनं मंजूर केली. त्यासाठी मीच वेरूळच्या महादेवाला नवस बोलले होते. वाटलं, घरी बसून पुस्तक लिहितील, दुपारचा चहा दोघं मिळून घेऊ. यांच्या टेबलासाठी खिडकीतलं शिलाई मशीनसुद्धा आत ढकललं. यांनी मात्र येताच बॅग काढली.

"अगं, जुनी कागदपत्रं सगळी हैदराबादेत. वर्षभर तिथंच राहावं लागंल."

"आणि मी?"

"तू आहेस की घर सांभाळायला!"

आधीच का विचारलं नाही मी? महादेवानं तर मागितलं ते दिलं. नवसाचं यांना सांगितलंच नाही. सोमवारी एकटीच जाऊन नारळ फोडून येईन. मशीन परत खिडकीपाशी आणायला हवं. आज मन होत नाही.