एका साठ्याचे दोन दुभाषे

३ मार्च
आजही तेच. सीमेखाली गॅसचा साठा एकच, वर विहिरी दोन देशांच्या. आमचे साहेब म्हणाले, "ज्याच्या हाती ससा तो पारधी." आता हे पलीकडच्यांच्या भाषेत कसं सांगायचं! मी अडखळले. त्यांच्या बाजूचा दुभाषी खाली बघून हसला, मग त्यांच्याकडची तशीच एक म्हण हळूच पुटपुटला. तीच वापरली.

घरी आल्यावर लक्षात आलं — दिवसभर बोलले, त्यात स्वतःचं एक वाक्य नव्हतं.

६ मार्च
चहाच्या वेळी त्यांचा दुभाषी माझ्या शेजारी येऊन बसला. "तुम्ही स्वतः कधी बोलता का?"

"सवय मोडलीय," म्हटलं. आई गेल्यापासून घरात कुणी नाही, हेही सांगून टाकलं. का, कोण जाणे.

"माझ्याकडे रेडिओ आहे," तो म्हणाला. "तो माझं ऐकत नाही, एवढंच."

११ मार्च
त्यांनी नवी विहीर सुरू केली. साहेब भडकले, "मग आम्हीही दोन खणू." त्यांचा इंजिनिअर म्हणाला, असं चढाओढीने काढत राहिलो तर खालचा दाब उतरेल, बराच गॅस तिथेच अडकेल, तुम्हालाही नाही, आम्हालाही नाही. कुणी ऐकलं नाही.

१६ मार्च
रविवार. दूधवाल्याशी दोन शब्द. बस.

२१ मार्च
त्यांचा शेवटचा प्रस्ताव: सगळ्या विहिरी एकाच कंपनीने चालवायच्या, निघेल ते सध्या निम्मं-निम्मं.

साहेब म्हणाले, "बघू."

आपल्याकडे 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा नाहीच. साहेबांना न विचारता सरळ 'नाही' सांगितलं असतं तर बोलणी महिनाभर लांबली असती. महिनाभर तो चहा. माझी लबाडी एकट्या त्याला कळली असती, आणि तो बोलला नसता.

साहेबांकडे वळले. "बघू म्हणजे हो की नाही?"

ते वैतागले. मग म्हणाले, "होच म्हणा."

म्हटलं.

२८ मार्च
सह्या झाल्या. फोटोत दुभाष्यांना कोण घेतो? निघताना तो "येतो" म्हणाला. जाणारा असंच म्हणतो. आपली भाषा चांगली शिकलाय. घरी दिवा न लावताच बसून राहिले.

३ एप्रिल
कराराची छापील प्रत आली. शेवटचं कलम मला नवीन होतं: दर पाच वर्षांनी साठा पुन्हा मोजायचा, वाटे पुन्हा ठरवायचे. त्याखाली एक ओळ — त्या बैठकांना दुभाषे हेच दोघे असावेत.

साहेबांना फोन केला.

"ती होय? मसुदा लिहिताना त्यांचा दुभाषी हटूनच बसला होता. तुमची काही हरकत?"

"नाही," म्हटलं.