पंचवीसपैकी तीन

१६ जाने. २०००, रविवार
खालच्या जोशीबाईंकडे हळदीकुंकू. मला बोलावणं नाही. हे गेल्यापासून नसतंच. पण जिन्यात गाठ पडली की मी मुद्दाम विचारते, "यंदा काय लुटताय?" बाईंचं तोंड बघण्यासारखं होतं.
दुपार मोकळी, म्हणून पलीकडच्या कॉलेजात चित्रं मांडलीत तिथं गेले. फुकट, वर बसायला खुर्च्या. एका चित्रात एक बाई, पाठमोरी, हात वर करून दोरीवर धुणं घालतेय. नुसती काळी शाई. तोंड दाखवलेलं नाही. पण तिची कंबर बघून माझी दुखायला लागली. खाली पेन्सिलीनं ३/२५.
अरेरे. इतकं चांगलं काढून पंचवीसपैकी तीन? शेजारी कुणाचं तरी झाड, त्याला एकोणीस. झाडाला!
कोपऱ्यात एक मुलगी चहा पीत होती. म्हटलं, "तुझं का गं हे? कुठल्या मास्तरानं तपासलं?" चहा नाकातून आला तिच्या. मग समजावलं. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं काढायचं, तेजाबात बुडवायचं, शाई भरून मशिनीत दाबून कागदावर छापायचं. पंचवीसच ठसे छापायचे. हा तिसरा. सव्विसावा कधी नाही.
"म्हणजे नापास नाही?"
"नाही हो काकू."
मी तर कीव येऊन घेणार होते. तरी घेतलंच.
मुलीचं नाव यास्मिन. राहते येरवड्याला. वडील वह्या-पुस्तकं बांधायचे, आता नाहीत.

२२ जाने.
चित्र फ्रेम होऊन आलं. जेवणाच्या टेबलासमोर लावलं. सूनबाई म्हणाल्या, "आई, जेवायला बसलेल्या पाहुण्यांना हे धुणं दाखवणार?" आमचा मिलिंद म्हणतो, "हे तर आपल्या गॅलरीत रोजच दिसतं."
"दिसतं तेव्हा बघतोस का रे?"
भाजी वाढ म्हणाला.

५ फेब्रु.
यास्मिन चहाला आली. थालीपीठ केलं. तिला म्हटलं, दोरीवर पुरुषाचा एकही कपडा नाही. तिनं कप खाली ठेवला. आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं म्हणे.
"अम्मी आहे ती. अब्बा गेले त्यानंतरची."
हे गेल्यावर माझीही दोरी तशीच झाली. मिलिंदचे शर्ट असतात म्हणा. पण ते मिलिंदचे.
रीत अशी आहे की पंचवीस झाले की पत्र्यावर आडवा ओरखडा मारायचा. मग कुणालाच छापता येत नाही. पंचवीस कधीच छापून झालेत. ओरखडा मारला नाही हिनं. "अम्मीच्या पाठीवर कसा मारू, काकू?"
मी चिडवलं. "मग छाप की अजून शंभर! मी पुरणपोळी दहाजणींना शिकवली, माझी कुठं पातळ झाली?"
हसली नाही. म्हणाली, घेणाऱ्या प्रत्येकाला शब्द दिलाय. तुम्हालाही.

१९ फेब्रु.
मिलिंदची कंपनी नव्या इमारतीत चाललीय. काचाच काचा, आणि ज्या भिंती आहेत त्या बोडक्या. म्हटलं, आमच्या यास्मिनची चित्रं लावा. तिची बाकीची पण आहेत, विहीर, सायकली, मांजर. रोज जेवताना टुमणं लावलं. शेवटी नमुन्याला आपल्या चित्राचा फोटो काढून घेऊन गेला, माझी कटकट थांबावी म्हणून.

२ मार्च
भलतंच झालं. ॲडमिनच्या बाईंना हेच आवडलं. मांजर नको, विहीर नको. हेच. चाळीस. दर केबिनीत एक.
"उरलेत चार," यास्मिन फोनवर. कॉलेजचं मशीन हिला फक्त रविवारी मिळतं, तेही नवे सर बंद करणार म्हणतायत. ही ऑर्डर घेतली तर स्वतःचं मशीन येईल. नाही घेतली तर शाळेत चित्रकलेच्या बाई व्हायचं. पोरांकडून कमळ आणि घड्याळ गिरवून घ्यायचं.
मीच खाज म्हणून काडी घातली. आता…

४ मार्च
मिलिंदला म्हटलं, तुझ्या केबिनीत लागलं तर तू बघशील का?
म्हणाला, "आई, मी केबिनीत नाही, हॉलमध्ये बसतो."

५ मार्च
खरं लिहायचं तर मला नको वाटतंय. शंभर छाप म्हणणारी मीच. आता चाळीस साहेब टायची गाठ सोडत तिच्या पाठीकडे बघणार म्हटलं की तिच्यावर चादर टाकावीशी वाटते. शब्दाचं मला एवढं काही नाही. ती माझ्या घरची आहे असं वाटायला लागलंय. आणखी वीस घरांत तीच आहे हे ठाऊक असून. त्या वीस जणांना पण असंच वाटत असणार का?
पण त्या पोरीनं माझ्या जेवणाच्या टेबलापायी मशीन सोडायचं?

८ मार्च
यास्मिन पत्रा ठेवून गेली. ओढणीत गुंडाळलेला. "माझ्या हाताशी नको. रोज शाई काढते आणि परत ठेवते." कपाटात लुगड्यांखाली ठेवला. जाताना म्हणाली, तुम्ही काहीतरी सांगा ना काकू. मी म्हटलं, मी काय सांगू, माझं सातवीपर्यंतचं शिक्षण.
"असं बोलून सुटता तुम्ही नेहमी."
बरोबर ओळखलं.

१० मार्च
दुपारी घरात कुणी नव्हतं. पत्रा काढला. त्यात ती उलटी. कागदावर डावीकडे सरकत चाललीय, इथं उजवीकडे. वरून बोट फिरवलं, दोरी लागली बोटाला.
आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक. काजळ चोळलं, पुसलं, वर कॅलेंडरचं मागचं पान ठेवून लाटण्यानं लाटलं. अंगचं सगळं वजन घातलं. निघालं काय? काळा डाग. त्यात एक कोपर मात्र स्वच्छ. वर उचललेलं, दमलेलं कोपर.
खाली पेन्सिलीनं लिहिलं २६/२५. शाळेत असे मार्क कधी मिळाले नव्हते. एकटीच हसले. मग कोपराकडे बघितलं आणि हसू गेलं. कुणीतरी बाई तिकडं येरवड्याला भाजी निवडत बसली असेल, आणि तिचं कोपर इथं माझ्या पोळपाटावर.
कागद गॅसवर जाळला. पत्रा तेल लावून पुसला.

११ मार्च
यास्मिनला फोन केला. कोपराचं सगळं सांगून टाकलं. वाटलं रागावेल. खूप हसली, मग रडली. मी विचारलं, "अम्मीला विचारलंस का गं?"
"अम्मीला माहीतच नाही काकू. खिडकीतून काढलं होतं. नंतर दाखवायचा धीर झाला नाही."
घ्या. पंचवीस की एकसष्ट, शब्द की मशीन, आम्ही दोघी आठ-दहा दिवस डोकं फोडतोय, आणि जिची पाठ तिला पत्ता नाही.
संध्याकाळी येऊन पत्रा घेऊन गेली. "आधी तिला दाखवते."

१४ मार्च
फोन नाही. मिलिंद म्हणतो ॲडमिनला शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही पाहिजे. नाहीतर ते सूर्यास्ताचे फोटो लावणार.

१६ मार्च
फोन आला. अम्मीनं पत्रा बघितला, मग छापलेलं बघितलं. पहिलं वाक्य काय, तर "ही चादर माझी नाही, शेजारच्या हमीदाची आहे." मग कागद मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, आधी मला दाखव, मला कुणाकुणाच्या घरात लावलंय. मी बघेन, मग सांगेन.
पहिलं घर माझं. रविवारी चार वाजता.
सूनबाई म्हणाल्या, "आई, पडदे धुऊ?" म्हणजे त्या पण घाबरल्यात. जेवणाच्या टेबलासमोरची जागा अम्मींना पसंत पडेल का? वर आमटीचा एक शिंतोडा आहे काचेवर, तो आज दोनदा पुसला. नाही आवडलं तर काढून घेऊन जातील का? जातील तर मी काय बोलणार?
मिलिंद विचारत आला, "शुक्रवारचं काय सांगू मग?"
म्हटलं, सांग तुझ्या ॲडमिनच्या बाईंना, चित्रातल्या बाई अजून घरं बघतायत. तुमचं ऑफिसही बघायला येतील. खुर्ची पुसून ठेवा.