गुलाबची डावी बाजू

११ जाने., रविवार
गुलाबनं आज परत तेच केलं. उजवा फेरा लोण्यासारखा. कुंपणाला डावा खांदा जवळजवळ घासत, मान खाली, कान सैल. वळवून डावा फेरा सुरू केला की थोडं चालून आत, रिंगणाच्या मध्याकडं ओढायला लागतो. लगाम धरला की उभा. टाच लावली की मागं मागं. आणि मग पुढचे पाय वर. मी वाळूत. कंबर वाचली, चष्मा नाही.

सुभेदार (म्हणजे आमचे हे. पलटणीतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, घरात रँक अजून तीच) कुंपणाबाहेरून म्हणाले, "घोडा न्हाई त्यो, इरोधी पक्ष हाय." कण्हताना पण हसू आलं.

दिवाळीत राणी गेली. म्हातारी, शहाणी घोडी. तेव्हापासून रविवारी मुलांना घोड्यावर बसायला शिकवणं बंद, रविवार सुना. साताऱ्याहून मुलांच्या आया फोन करतात, मॅडम, नवीन घोडा आला का? आलाय. पण याच्यावर कुणाचं लेकरू बसवू? आटपाडीकडच्या बापूरावांनी विकताना सांगितलंय, नाही जमलं तर पाडव्यापर्यंत परत घेईन. त्यानंतर नाही.

१३ जाने.
गुरांचे डॉक्टर येऊन गेले. दात बघितले, पाठ दाबली, खूर ठोकले. काही नाही. मानेवर, आयाळीखाली तळव्याएवढा पांढरा चट्टा आहे. जुनं काहीतरी घासलेलं, म्हणाले, आता दुखत नाही. मग स्वतः लगामाला धरून रिंगणात दोन्ही फेरे चालवला. कोकरू.
"मॅडम, घोड्यात काही खोट नाही."
म्हणजे माझ्यात आहे. एनसीसीत असल्यापासून घोड्यावर बसतेय, आता या वयात कळायचं होतं.

१४ जाने., संक्रांत
हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तिळगूळ नको, घोडा बघायचा होता. गुलाबनं सगळ्यांच्या ओंजळी चाटल्या. एकीच्या पदराला तोंड पुसलं. तीच जास्त खूश. इतका गोड प्राणी, माणसाच्या खांद्यावर हनुवटी ठेवून डोळे मिटतो. माझा जीव अडकलाय. कबूल.

२० जाने.
खोगीर बदललं. फरक नाही. पत्र्याचा आवाज होतो म्हणून शेडचा सैल पत्रा बांधला. फरक नाही. तोंडातलं लोखंडी कडियाळं काढून नुसत्या दोरीवर बसले. नाहीच.
आणि संध्याकाळी कॅनॉलकडच्या वाटेनं नेला तर राजासारखा चालला. दोन्ही बाजूला ऊस, मधून आम्ही. मी गाणं म्हणत होते.
मुक्ताला फोनवर सांगितलं. लेक पुण्यात, पण धाक इथपर्यंत. म्हणाली, "बाहेर गुणी आणि रिंगणात वांड, म्हणजे त्याला काम नकोय. आई, परत पाठव. चोपन्न वर्षांची आहेस तू."
वय मला माहीत आहे.

३० जाने.
सु.च्या (सुभेदार लिहायचा कंटाळा) गुडघ्याचं मिरजेच्या डॉक्टरांनी ठरवलं. मार्चच्या मध्यात ऑपरेशन. हे म्हणतात काय गरज न्हाई. जिना चढताना कठडा धरतात आणि मी बघितलं की कठड्यावरची धूळ झटकल्यासारखं करतात.
रोज सकाळी तेच गुलाबला पाण्याला नेतात. हातात दोरी, शेजारून चालत, लेहचे किस्से सांगत. मला तीस वर्षांत एवढे सांगितले नाहीत.

१० फेब्रु., मंगळवार
आज डोक्यात उजेड पडला. नीट लिहिते.
कॅनॉलच्या वाटेवर जाताना डाव्या हाताचा आमचा ऊस परवा तुटून गेला. आज तिथं पोचलो आणि गुलाबनं तेच केलं! डावीकडं मोकळ्या रानात ओढायला लागला, उभा राहिला, मागं सरकला. जिथं रोज शहाणा, तिथं. वळून घराकडं निघालो तर तुटलेलं रान उजवीकडं आलं आणि पलीकडच्या शेजाऱ्यांचा उभा ऊस डावीकडं. झाला शांत. परत वळवला. परत तेच.
त्याला रिंगणाचं वावडं नाहीच. त्याला डावीकडं रिकामं चालत नाही.
उजव्या फेऱ्याला डावीकडं कुंपण असतं. डाव्याला मोकळं मैदान. आणि लगामाला धरून चालवणारं माणूस नेहमी घोड्याच्या डाव्या अंगालाच! डॉक्टर तसेच, सु. तसेच. म्हणून कोकरू.
वाटेतच खाली उतरून बापूरावांना फोन लावला.
"आवं वैनी, जोडीचा घोडा त्यो. जत्रंत घोडा-बैलाच्या गाडीला पळायचा. डाव्या अंगाला आमचा हरण्या."
एका जुवाला एकीकडं घोडा, एकीकडं बैल. आमच्या बाजूला ही शर्यत कुणी फारशी बघितलेली नाही.
मग सांगितलं का नाही?
"शर्यतीचा हाय म्हनलो नव्हं? म्या म्हनलं तुमास्नी ठावं असंल."
म्हणाले होते खरं. आम्ही समजलो, पाठीवर माणूस घेऊन पळणारा. आमच्या पण ते डोक्यात आलं नाही, त्यांच्या पण नाही.
हरण्या कुठं आहे विचारलं.
"गेला. दसऱ्याच्या आदी. तवापास्नं गाडी सोडली म्या." मग स्वतःहूनच, "दावणीला बी शेजारीच असायचे दोगं. ह्यो रिकाम्या खुट्याकडं बगत हुबा ऱ्हायचा, वैनी. वैरण तशीच. माज्यानं बगवंना, म्हनून इकला." आणि मग, "रमतोय का तुमच्यात?"
मानेवरचा चट्टा म्हणजे जू. त्यावर हात ठेवून तिथंच उभी राहिले. महिनाभर मी याला हट्टी म्हणत होते.

११ फेब्रु.
सु.ना सगळं सांगितलं. वाटलं हसतील. नाही हसले.
"सोबती मेलाय त्याचा, आन् आपण दात बगत बसलो."
मग उठले. "चल. मी हुतो बैल."
"होता काय, आहातच," मी.
मी पाठीवर, हे डाव्या अंगाला, हातात दोरीबिरी काही नाही, नुसते चालताहेत. अख्खा डावा फेरा झाला. एकदा नाही, तीनदा. गुलाबचा एक कान सारखा त्यांच्याकडं. मला रडू आलं.
"रडू नगं गं. घोडं बावरंल."

२० फेब्रु.
युक्ती अशी: सोबतीला हळूहळू लांब सरकवायचं. आधी हाताच्या अंतरावर, मग थोडं पुढं. आज सु. जरा जास्तच लांब गेले तर गुलाब थबकला. परत जवळ आले. चालला.
लग्नानंतर हे पहिल्यांदा पोस्टिंगवर गेले तेव्हाचं आठवलं. कितीतरी दिवस मी पीठ दोघांचंच भिजवायची. सासूबाई उरलेली भाकरी सकाळी दह्यात कुस्करून स्वतः खायच्या. मला कुणी हट्टी म्हटलं नाही.

३ मार्च
पुरणपोळीच्या दुसऱ्या दिवशी सगळेच सुस्त, सु. सोडून. रिंगणाच्या मधोमध खुर्ची टाकून बसतात आता. डाव्या फेऱ्याला ते डावीकडंच येतात, लांब का असेना. अट एक: बोलत राहायचं. गप्प बसले की गुलाब थांबतो. विषय संपले म्हणून आज हजेरी घेतली, सगळ्या पलटणीची. गुलाबला चालतं.
साताऱ्याहून एक आई लेकीला घेऊन आली होती. राणीवर शिकलेली तन्वी, नऊ वर्षांची. बसवली. मी लगामाजवळ, उजव्या बाजूनं. हे खुर्चीत. फेरा पूर्ण. तन्वी उतरून त्याच्या मानेला चिकटली ती सोडेना. पुढच्या रविवारी येऊ का मॅडम?
खुर्ची रिकामी असेल तेव्हा काय, हे मी तिच्या आईला सांगितलं नाही. रविवारी या, असंही म्हटलं नाही.

९ मार्च
सोमवारी, सोळाला मिरज. गुडघा सुजलाय. वाळूत चालून चालूनच. लपवतात. मुक्ता आली आणि कडाडली, "घोड्यापायी बाबांचा पाय घालवलास." मी पण बोलले. हे मधे पडले, "आगं, पाय आदीच गेलता. घोड्यानं चालवला तरी."
बापूरावांचा फोन. पाडव्याला यायचं ठरलंय.
"वैनी, न्ह्यायला यीऊ का बगायला यीऊ?"
कळवते म्हटलं.

१७ मार्च, मिरज
काल ऑपरेशन झालं. बरं झालं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "गुलाबनं वैरण खाल्ली का?" नर्सनं विचारलं, गुलाब कोण? मुक्ता म्हणाली, धाकटा भाऊ. तिच्या तोंडून हे ऐकून मला इतकं बरं वाटलं.
उद्या मी घरी जायचं. मुक्ता इथं राहील. सु. म्हणाले, "माजा आवाज भरून घे फोनात. खुर्चीत ठीव. चालंल त्यो."
नको म्हटलं. नुसत्या आवाजाला फसवायचं नाही त्याला.
मग हात धरून बसलो थोडा वेळ.

१९ मार्च, पाडवा
गुढी एकटीनं उभारली. काठी जड. शेजारचे आले असते, हाक मारली नाही.
मग गुलाबला घेऊन रिंगणात. खुर्ची घरात नेऊन ठेवली होती. उजवा फेरा छान. वळवला. डावीकडं सगळं मोकळं, वाळू आणि ऊन. थोडा चालला आणि थांबला. मान वळवून खुर्चीच्या जागेकडं बघत राहिला.
टाच नाही लावली. मी पण तिकडंच बघत होते.
म्हटलं, नाहीयेत रे. येणार आहेत. पण आज नाहीत.
मागं नाही सरकला. पाय वर नाही घेतले. नाक फुरफुरलं, आणि एक पाऊल टाकलं. मग अजून एक. कुंपणाच्या कडेनं की आत, खुर्चीच्या जागेकडं, ते मला शपथेवर सांगता येणार नाही. थोडं कडेनं, थोडं आत. परत थांबला. मी उतरले. डाव्या बाजूला उभी राहिले, कपाळ त्याच्या मानेवरच्या चट्ट्याला टेकून. आजच्यापुरतं तेवढंच.
तन्वीच्या आईला अजून हो म्हटलेलं नाही. म्हणता येईल की नाही, माहीत नाही.
घरात येऊन बापूरावांना फोन केला. ते निघायच्याच तयारीत होते.
म्हटलं, टेम्पो आणू नका. एसटीनं या.