बॅट आजोबांचं फावडं

७ एप्रिल, रविवार
चर्चमधल्या मिस्सानंतर, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेनंतर, हॉलमध्ये स्मारक कमिटी बसली. पुलाजवळ दगड उभा राहणार, २३ जूनला. १९२१ साली, आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यात, त्याच दिवशी आमच्या किलवार्नाच्या पोरांनी पुलावर इंग्रजांची लॉरी अडवली होती. शंभरी खरं तर तीन वर्षांपूर्वीच झाली. पण आधी कोरोनाची साथ होती, मग दगड नदीच्या अलीकडे की पलीकडे यावर भांडण. साथ लवकर संपली.

दगडावर सहा नावं. सहा! माझ्या आजोबांचं, बॅट टूहींचं, नाव नाही. हॅन्ली मास्तर (शाळेतून निवृत्त, शिकवण्यातून नाही) म्हणाले, पुरावा असेल तर २ जूनच्या बैठकीत आण. मी म्हटलं, पुरावा आमच्या शेकोटीच्या वर टांगलाय. ज्या फावड्याने आजोबांनी लॉरी अडवायला रस्ता खणला तेच ते, दांड्यावर तीन खाचा, मारलेल्या प्रत्येक इंग्रजामागे एक. मास्तर म्हणाले, त्या दिवशी एकही इंग्रज मेला नाही, दोन बंदुका आणि जॅमचं एक खोकं मिळालं. आणि फावड्याचंच म्हणशील तर तूही काउंटी कौन्सिलच्या रस्त्यांवर चौतीस वर्षं फावड्याला टेकून उभा होतास, म्हणून रस्ते तू खणलेस असं कोणी म्हणतं का?

सगळे हसले. फादर इमेकासुद्धा. ते गावात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली, त्यांना काय कळतंय हसायला?

वडील जाताना माझा हात धरून एवढंच म्हणाले होते, मॅलकी, माझ्या बापाचं नाव कुठेतरी लागू दे. मी हो म्हटलं होतं. ते काही मी मास्तरांना विचारून म्हटलं नव्हतं.

८ एप्रिल, सकाळी ९.१०
निश्चय झाला. मास्तरांना विद्येनेच गार करायचं. एका विद्यापीठाचा आयरिश इतिहासाचा ऑनलाइन कोर्स आहे, सहा आठवडे, फुकट. शेवटी सर्टिफिकेट. ते फ्रेम करून बैठकीत टेबलावर ठेवायचं, आपण काही बोलायचंच नाही.

रोज सकाळी दोन तास. नोट्स. लाल पेन, निळं पेन. टॅब्लेट आणि ईमेल दोन्ही बायकोचे, म्हणून माझी नोंदणी डिम्प्नाच्या ईमेलवरून झाली. तो तांत्रिक भाग झाला.

११.४०
पहिला व्हिडिओ चार मिनिटं पाहिला. शिकवणारी बाई जेमतेम तिशीची, डब्लिनची. हिला काय सांगायचाय आयर्लंडचा इतिहास! माझ्या तर तो रक्तात आहे. पुढचे व्हिडिओ सोडले तरी चालतील.

१५ एप्रिल
पहिली चाचणी. दहापैकी तीन. प्रश्न चुकीचे होते. कोर्सच्या चर्चेच्या पानावर तसं सविस्तर कळवलं, नऊशे शब्द. फिनलंडच्या एका दंतवैद्याने आभार मानून विचारलं की आपण व्हिडिओ पाहिला का. दातांचं बघ म्हणावं.

२२ एप्रिल
शेजारी सायलेजची, म्हणजे गुरांच्या साठवणीच्या चाऱ्याची, कापणी सुरू आहे. ट्रॅक्टरच्या आवाजात अभ्यास कसा होणार? दुसरा आठवडा तिसऱ्यात मिळवायचं ठरवलं. निळं पेन संपलं.

३० एप्रिल, दुपार
दुसरी आणि तिसरी चाचणी डिम्प्नाने दिली, कारण माझा चष्मा सापडत नव्हता. मी शेजारी बसून मार्गदर्शन केलं. तिला दहापैकी नऊ. जिथे माझं ऐकलं, तो एक चुकला. ती म्हणाली की चष्मा तुझ्या डोक्यावर आहे.

ती आता ब्रेड भाजताना व्हिडिओ लावून ठेवते. मी म्हटलं, नुसतं ऐकून काय होतंय, अभ्यासाला बैठक लागते. मग जरा पडलो.

८ मे
अखेर माझ्या तोलामोलाचं काम! चौथ्या आठवड्याचा अभ्यास असा की घरातल्या एका जुन्या वस्तूचा इतिहास लिहा. फावड्याचे सहा फोटो काढले, खाचांचे जवळून. लिहिलं की एकवीस सालच्या त्या सकाळी माझे आजोबा एकटे रस्ता खणत होते, एका हातात फावडं आणि दुसऱ्यात बंदूक. डिम्प्ना म्हणाली, एका हाताने कसं खणलं? मी म्हटलं, तेव्हाची माणसंच वेगळी होती.

रात्री जेवताना फावड्याकडे पाहिलं. वडील दर ईस्टरला त्याला तेल लावायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. पातं अजून नव्यासारखं आहे. पूर्वी वस्तूच टिकाऊ बनायच्या.

१० मे
ऑस्ट्रेलियातून नोरीन नावाच्या बाईंचं उत्तर. त्यांचे आजोबा आमच्याच भागातून तिकडे गेलेले. त्यांच्या शेतावरच्या प्रत्येक अवजारावर अशाच तीन खाचा असत. आजोबा म्हणायचे, आमच्या घरची खूण आहे ही, उसनं गेलेलं परत यावं म्हणून.

मी लिहिलं की आपल्या आजोबांनीही तीन इंग्रज मारलेले दिसतात, सांगायला लाजले असतील, मोठी माणसं अशीच असतात. त्यांचं पुन्हा उत्तर नाही. भारावून गेल्या असाव्यात.

२० मे
मास्तर दुकानात भेटले. कोर्स कसा चाललाय, विचारलं. मी म्हटलं, जवळजवळ झालाच. स्क्रीनवर ११ टक्के दिसतात, पण ते माझे. डिम्प्नाने दुसऱ्या चाचणीपासूनच आपल्या नावाने वेगळं खातं उघडलंय, तिचे ८०. आता घरात दोन विद्वान म्हणजे अवघडच. तिला सांगितलं की शेवटी एकत्र केले तर ९१ होतात.

२७ मे, दुपारी ४
जिंकलो!!

पाचव्या आठवड्यात जुन्या सैनिकांच्या पेन्शनचे अर्ज ऑनलाइन कसे शोधायचे ते शिकवलंय. डिम्प्नाने शोधलं. बार्थॉलोम्यू (घरचे बॅट) टूही, किलवार्ना. फाइल आहे! एकतीस पानं! रिकामटेकड्या माणसाची सरकार एकतीस पानं सांभाळतं का?

वाचत बसलो नाही. त्याच क्षणी मास्तरांना पाठवली, कमिटीला, फादरना, आणि चर्चच्या पत्रकासाठीही. वर लिहिलं: आता बोला.

डिम्प्ना म्हणाली, आधी वाच तरी. मी म्हटलं, बैठकीत सगळ्यांसमोर पहिल्यांदा वाचण्यात जी मजा आहे ती तुला नाही कळायची.

३१ मे
मास्तरांचा फोन. फाइल वाचलीस का विचारलं. आवाज एकदम मऊ. म्हणाले की बैठकीत मोठ्याने वाचायलाच पाहिजे असं नाही, नावाचं आपण बसून काहीतरी बघू. हॅ! जिथे तिथे छडी घेऊन फिरणारा माणूस आज गयावया करतोय. मी म्हटलं, मास्तर, इतिहास आहे, पूर्ण वाचणार. पहिल्या पानापासून.

मास्तर म्हणाले, बरं.

सूट इस्त्रीला टाकला.

२ जून, रविवार
हॉल भरलेला. मास्तर सोडले तर एकतीस पानांची फाइल कोणी उघडलेली दिसत नव्हती, सगळे ऐकायलाच आले होते. हॅम सँडविच, चहा, दोन केक. मी फावडं आणून टेबलावर ठेवलं, चष्मा लावला, उभं राहून वाचायला सुरुवात केली.

पान २ पर्यंत झकास. पान ३ वर सरकारी साहेबांचे प्रश्न आणि आजोबांची उत्तरं. हल्ल्याच्या वेळी आपण कुठे होता? हॅन्लींच्या गोठ्यात. गोठ्यात काय करत होता? रस्ता खणायला फावडं आणायला मला पाठवलं होतं, तिथे गाय विताना अडली होती, घरची बाई एकटीच होती, मदतीला थांबलो. मग? मग गोळ्यांचा आवाज आला. तेव्हा आपण काय केलं? मावशीकडे गेलो. परत कधी आलात? शस्त्रसंधी झाल्यावर.

म्हणजे अठरा दिवसांनी.

मी आवाज जरा खाली आणला. मागून कोणीतरी ओरडलं की ऐकू येत नाही.

आणि फावडं? असं साहेबांनी विचारलंय. उत्तर आहे: सुरक्षित आहे.

हॉलमध्ये जो काही हशा पिकला! वरातीमागून घोडं ऐकलं होतं, कसायाच्या टॉमने घोड्याच्या जागी फावडं घातलं. मी थांबायला हवं होतं. पण पूर्ण वाचतो म्हणालो होतो. पान १९ वर तेव्हाचे कॅप्टन पीडर हॅन्ली, म्हणजे मास्तरांचे आजोबा, यांचं पत्र. पोरांनी रस्ता हातांनी उकरला. बॅट माणूस सज्जन, गातोही छान. त्याला पेन्शन द्यावी न द्यावी, सरकारची मर्जी. पण माझं फावडं जाऊन पंधरा वर्षं झाली, तेवढं परत मिळावं. ओळख पटवायला सोपं आहे, आमच्या घरच्या सगळ्या अवजारांवर तीन खाचा असतात.

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. मीही पाहिलं. फादर इमेकांनी हळूच विचारलं, मग ते तीन इंग्रज कोण? त्यांना खरंच कळलं नव्हतं. बाकी कोणालाही सांगायची गरज पडली नाही.

शेवटचं पान राहिलं होतं. मी ते हातात घेतलं तेवढ्यात मास्तर उठले, माझ्या हातातून कागद घेतला, बघितला, आणि म्हणाले की हे पान पुसट आहे, यात काही नाही, चला, चहा गार होतोय.

रात्री
पान ३१ पुसट नाही. स्वच्छ आहे. आजोबांनी अर्ज मागे घेतल्याचं पत्र आहे. लिहिलंय की मुलगा शाळेत जातो, तिथे बाकीची पोरं आपापल्या बापाचं सांगतात. याने मला विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो, त्याने हो धरलं. फावडं बघून बाकीचं त्यानेच जुळवलं. म्हणून अर्ज केला होता. पेन्शन नको, पण त्याला हे कळवू नये.

तो मुलगा म्हणजे माझे वडील. तेल लावायचे.

मला रडू आलं. डिम्प्नाने समोर चहा ठेवला. तिने फाइल २७ तारखेलाच वाचली होती. विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, तीनदा सांगितलं, तू तीनदा म्हणालास की तुला नाही कळायचं.

१५ जून
घराबाहेर पडत नाही. पाठ दुखते आहे असं सगळीकडे कळवलंय. फावडं कपाटामागे ठेवलं. पोस्टवाल्याने विचारलं की उसनं आणलेलं काही परत द्यायचं आहे का. गावात विनोदाची एवढी टंचाई असेल असं वाटलं नव्हतं.

२३ जून, रविवार
जायचं नाही असं ठरवलं होतं. दहाला मास्तर दारात. म्हणाले, आमचं फावडं. दिलं. मग म्हणाले, पुलावर चल, दगडाचा खड्डा अजून खणायचाय. मी म्हटलं, कंत्राटदार आहे ना. म्हणाले, आला नाही. तो तर आमच्या फाटकातून त्याच्या गाडीत बसलेला दिसत होता, पण मी बूट चढवले.

पुलावर सगळं गाव. मास्तरांनी फावडं जमिनीत घातलं, एक ढेकूळ काढलं, कंबर धरली आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, मला झेपत नाही, तुला चौतीस वर्षांचा सराव आहे.

टॉमसुद्धा हसला नाही.

मी खणलं. दोन फूट खोल, कडा सरळ. कौन्सिलमध्ये असं काम मी कधी केलं नव्हतं. एकशे तीन वर्षं उशीर झाला, पण टूही फावडं घेऊन पुलावर पोचला. दगड बसला. नावं सहाच. ती बरोबर आहेत. वडिलांना हो म्हटलं होतं ते मात्र राहिलं, आणि आता कायमचं राहिलं.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर फावडं खांद्यावर टाकून घरी गेले. मला वाटलं होतं म्हणतील, राहू दे तुझ्याकडेच. तसं काही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी ६
कोर्सचा ईमेल. माझे ११ टक्के कायम, मुदत संपली. डिम्प्नाचं सर्टिफिकेट आलं, ९४ टक्के. शेकोटीच्या वर खिळा रिकामाच होता, तिने तिथे टांगलं. जरा तिरकं लागलंय. मी सरळ केलं.

मग बसून विचार केला. आईकडच्या आजोबांचा अजून कोणी नीट शोध घेतलेला नाही. आई म्हणायची की तेही त्या काळात बरेच दिवस घराबाहेर होते. त्यांचा एक कंदीलसुद्धा आहे माळ्यावर. डिम्प्नाला म्हटलं, पुढचा कोर्स कधी सुरू होतोय बघ.

ती म्हणाली, आधी माळ्यावर जा आणि कंदील कोणाचा ते बघून ये.