चांगला फ्रंट-एंड डेव्हलपर चिडत नाही

३ मार्च, सकाळी ९
आजपासून चिडणं बंद. चांगल्या फ्रंट-एंड डेव्हलपरला, म्हणजे वेबसाइटचा दिसणारा भाग बांधणाऱ्याला, नजर लागते, वेग लागतो आणि थंड डोकं लागतं. पहिल्या दोन गोष्टी माझ्यात उपजत. तिसरीही आहे, पण लोक वापरू देत नाहीत. परवाचा कीबोर्ड जुनाच होता. पडला. दोनदा पडला.

४ मार्च
डिझायनर म्हणतो, बटण त्याच्या चित्रापेक्षा दोन पिक्सेल खाली आहे. दोन! मी शांतपणे समजावलं. तो साहेबांना सांगून आला की मी कॉलर धरली. कॉलर माझ्या हातात होती, एवढंच खरं. फाटली ती शिवण कच्ची म्हणून.
साहेब म्हणाले, दवाखान्याची साइट आहे, पेशंट तिच्यावरून डॉक्टरची वेळ घेणार, सतरा तारखेला सुरू व्हायलाच हवी, मारामाऱ्या त्यानंतर करा. म्हणजे माझी बाजू त्यांना पटली.

६ मार्च
घरी फ्रिजचं दार नीट लागत नव्हतं. लावलं. आता उघडत नाही. बायकोने दार दोनदा ओढून पाहिलं आणि आत गेली. तिलाही पटलं असावं.

७ मार्च
आमची टेस्टर. आमच्या कामात खुसपटं काढायचा पगार घेते. म्हणाली, ज्याला दिसत नाही त्याला तुझा हा फॉर्म भरता येणार नाही. मी म्हटलं, ज्याला दिसत नाही तो साइट बघायला येईलच कशाला? म्हणाली, माझा दादा येईल. सोमवारी आणते.
मी भिंतीवर मूठ मारली, पण विचार करता करता. भिंत प्लायवुडची वाटली होती. करंगळी वांग्याएवढी.

१० मार्च, सकाळी ११
दादा आले. शाळेत गणित शिकवतात. इस्त्रीचा शर्ट, हसरा माणूस. त्यांच्या फोनमधली बाई पडद्यावरचं सगळं वाचून दाखवते. माझं पान वाचू लागली: बटण. बटण. चित्र. बटण. बटण. मी बटणांना नावं दिली नव्हती. कशाला द्यायची? दिसतात की!
दादांनी हसत विचारलं, अहो, यातल्या कुठल्या बटणाने डॉक्टर भेटतो आणि कुठल्याने रद्द होतो?
सगळं ऑफिस हसलं. डिझायनर टेबल बडवून हसला. मी नवा कीबोर्ड त्याच्या दिशेने सरकवला. हवेतून.
डिझायनर वाकला. मागे दादा बसले होते.

१० मार्च, दुपारी ४
सहा टाके. कपाळातून इतकं रक्त येतं हे मला माहीत नव्हतं. इस्त्रीचा शर्ट पोटापर्यंत लाल. टेस्टरने मला दोन थोबाडीत मारल्या. म्हणाली, अरे, दिसलं म्हणून डिझायनर वाकला, दादा कसा वाकणार होता? मी उलटा हात उचलला नाही. याला संयम म्हणतात. करंगळीही दुखत होती.

११ मार्च
साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. रागाच्या भरात बोलले. आठवड्याभरात बोलावतील.

१७ मार्च
साइट सुरू झाली. सगळ्या बटणांना नावं दिली आहेत. टेस्टरने म्हणे चाळीस मिनिटांत उरकलं. घाईचं काम, टिकणार नाही. दिवसभर फोन जवळ ठेवला.

१८ मार्च
दादांची माफी मागायची ठरवलं. माफीलाही बांधणी लागते. चार पानं लिहिली. पहिल्या दोन पानांत डिझायनरची चूक. बायकोने वाचली आणि म्हणाली, हे इथेच ठेव. नुसता जा आणि चुकलो म्हण.

१९ मार्च, संध्याकाळी ५
गेलो. दार दादांनीच उघडलं. कपाळावर भुवईपर्यंत गुलाबी व्रण. हसूनच विचारलं, कोण?
मी म्हटलं, नमस्कार, मी त्या ऑफिसमधला...
आवाज ओळखला. दोन्ही हात झटकन तोंडापुढे आले. मान खाली, खांदे आत.
मी म्हटलं, माझ्या हातात काही नाही. तीनदा म्हटलं. बिस्किटांचा एक पुडा होता, बाकी काही नव्हतं. हात खाली आले नाहीत.
पुडा दारात खाली ठेवला. कागद वाजला तसे ते पुन्हा दचकले.
चुकलो म्हणायचं राहिलं.