हलकं खाऊन भारी

ता. ४ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

तुला एक आजी आहे. उंची बेताची, जीभ लांब, लिहिता येत नाही. ओळख पटली तर पुढे वाच. शेजारची शिंपीणबाई लिहून घेते आहे आणि मधेमधे हसते आहे.

मागच्या पत्रात चार ओळी टाकून गप्प बसलीस. काचा पुसायच्या त्या दोरीच्या पाळण्याला ऐंशी किलोंपर्यंतच माणूस चालतो, तू अठ्ठ्याहत्तरवर आलीस, मार्चअखेरीस मुकादम काट्यावर उभं करणार, आकडा पुढे गेला तर पाळणा बंद. एवढं सांगून कुणी महिनाभर गप्प बसतं का? चार वर्षं ढगात बसून कमावलेली जागा तुझी. मला घोर लागणार नाही तर काय?

परवा दुपारी डोळा लागला, तर तू माझ्या खिडकीबाहेर तरंगत होतीस. दोरी नाही, बादली नाही. काच पुसून पुढे गेलीस, माझ्याकडे पाहिलंही नाहीस. पोट थोडं सुटलंय, पण शोभत होतं. ढगालाही असतंच.

तरी माझं ऐक, हलकं खात जा. बाकी खुशाली कळव. लोभ आहे, तो पत्राने ताजा ठेव.

तुझी आजी (अंगठा)


ता. १३ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पाळण्यातच वाचलं, एकविसाव्या मजल्यावर. काचेत आभाळ उमटलेलं असतं, फडकं फिरवलं की वाटतं ढगच पुसतेय. मग ढगाच्या आतून टेबलं दिसू लागतात. वरच्या मजल्यांवर प्रत्येक टेबलावर फळांची परडी, आणि माणसं सगळी सडपातळ. परडीला कुणी हात लावत नाही. पाळणा खाली येतो तशी माणसं रुंद होत जातात. तळमजल्यावर पहारेकरी, झाडूवाली आणि मी, आम्ही तिघं एकाच मापाचे.

हलकं खा म्हणतेस. आजी, इथे आल्यापासून मी हलकंच खातेय. दुकानात जे सगळ्यात हलकं मिळतं तेच: नूडल्सची पाकिटं, बिस्किटं, रंगीत गोड पाणी. एका सफरचंदाच्या पैशात नूडल्सची तीन पाकिटं येतात, आणि सफरचंदाने पोट भरत नाही. घरमालकिणीने खोलीत शेगडी लावायला मनाई केली आहे, त्यामुळे एक किटली आणि मी. किटलीत जेवढं शिजतं तेवढाच माझा स्वयंपाक.

काल औषधांच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहिले. एकोणऐंशी. मुकादम वाईट माणूस नाही, पण दोरी त्याचं ऐकत नाही, असं तोच म्हणतो.

प्रकृतीला जप. लोभ असाच वाहता राहो.

तुझी खारू


ता. २० मार्च

चि. खारूस आशीर्वाद.

मी म्हटलं हलकं, म्हणजे पोटाला हलकं. तू वाचलंस खिशाला हलकं. शिंपीणबाई म्हणते चूक तिची नाही, माझीही नाही, शब्दाचीच आहे. तिच्या कापडातही तसंच, हलका माल पहिल्या धुण्यातच सैल पडून दुप्पट होतो.

म्हणजे हलकं खाणारा भारी होतो, आणि भारी खाणारा हलका राहतो. हे असं उलटं कुणी लावून ठेवलंय, त्याला माझ्यासमोर आण. मी मात्र उगीच तुला खादाड समजत होते. ते शब्द मागे घेते. लिहिले नव्हते, मनातच होते, तरी मागे घेते.

काट्यावर जाताना खिसे रिकामे कर, बूट काढ. श्वासाला वजन असतं की नाही यावरून माझं शिंपीणबाईशी वाजलं आहे. निकाल लागेपर्यंत सोडून उभी राहा.

तुझी आजी (अंगठा)


ता. २ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

श्वास सोडला होता. एक्क्याऐंशी.

आता मी खाली असते. बादल्या भरते, दोरीचं टोक धरते, वर पाहते. वरून पाणी ठिबकतं ते अंगावर पडेपर्यंत नुसतं धुकं होतं. माझ्या पाळण्यात नवीन मुलगी बसली आहे, चणीने चिमणीएवढी. मुकादम म्हणाला तीन महिन्यांनी पुन्हा काटा, ऐंशीच्या आत आलीस तर पाळणा तुझा, नाहीतर कायमची खाली. पगार तिसऱ्या हिश्शाने घटलाय. म्हणजे दुकानात आणखी खालच्या फळीकडे हात जाणार. हे गोल फिरतंय आजी, आणि मी मधे उभी आहे.

एक सांगायला जीभ रेटत नाही. सात महिने झाले, दर महिन्याला तुला सुक्या मेव्याचा डबा पाठवते, त्यात या वेळी अंजीर नाहीत. बदाम तेवढे आहेत. ते सोडू नकोस, तुझ्या हाडांना लागतात असं दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या. माझं कसंही भागतं.

तुझी खारू


ता. ९ एप्रिल

चि. खारूस आशीर्वाद, आणि एक धपाटा.

म्हणजे तू भिंतीला टेकून बिस्किटं खातेस, आणि इकडे मला बदाम. आता माझं ऐक. मला दात तीन, आणि तेही एकमेकांसमोर नाहीत. तुझा एकही बदाम मी फोडलेला नाही. रोज खाते असं कळवत आले, ते खोटं. बोलले मी, लिहिलं शिंपीणबाईने, पाप निम्मं निम्मं. नको म्हटलं असतं तर डबा थांबला असता. संध्याकाळी झाकण उघडून नुसती बसायचे, तो वास खोलीभर पसरला की वाटायचं तू आत्ताच येऊन गेलीस.

सात डबे बांधून आजच्या पार्सलने धाडले आहेत. अंजीर कडक झालेत, किटलीत भिजव. मूठभरच खा, शिंपीणबाई म्हणते वजनाला तेही कमी नाहीत. आणि डब्यावर जे घालत होतीस ते शेगडीची मुभा देणाऱ्या खोलीवर घाल. कोपऱ्यातली चालेल, खिडकी नसली तरी चालेल, तुला खिडक्या पुष्कळ आहेत. भाजी शिजव, उसळ शिजव, अंडी उकड. तीन महिने आहेत. ती चिमणी चांगली मुलगी असेल, पण जागा तुझी आहे.

लोभ पार्सलाबरोबर आहेच, तो तोलून घेऊ नकोस.

तुझी आजी (अंगठा)

ता. क. डबा थांबवू नकोस. त्यात तुझ्या खोलीत उरलेली सगळी बिस्किटं भर, चहात बुडवली की मला चालतात, आणि मला कुणी दोरीला टांगणार नाही. एकही मागे ठेवू नकोस.