माझं लिनक्स पुसायचं नाही

दादा,

आपल्या कॉम्प्युटरचं घड्याळ माझ्या लिनक्समुळे बिघडत नाही. तुझं विंडोज इथली वेळ धरून चालतं, लिनक्स जागतिक वेळ. तू सुधारलंस की माझं चुकायचं, मी सुधारलं की तुझं. एकच झोपाळा आपण दोन्हीकडून ढकलत होतो. आता लिनक्सलाही इथलीच वेळ लावली आहे.

आणि कॉम्प्युटर तापतो तो आईनं मायेनं विणलेल्या झाकणामुळे. चालू असतानाही तू ते काढत नाहीस, वर म्हणतोस, "आज तुझं लिनक्स पुसूनच टाकतो!" त्यात माझी पहिली फिल्म आहे, तुकडे जोडून पूर्ण होत आलेली. म्हणून लिनक्सची माझी डिस्क काढून कामावर नेतेय.

आज एकट्या विंडोजवर बस, झाकण घालूनच बस. लिनक्स नसतानाही कॉम्प्युटर तापला, तर संध्याकाळी माफी मागायला दारातच उभा राहा.

धाकटी